आधी पाडावे, मग मांडावे

आपल्या वस्तीचे, निदान आपल्या गल्लीचे तरी एक संग्रहालय असावे, असे आपल्याला अलीकडे वाटू लागले असेल, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. मुंबईत ही इच्छा साधारणपणे साठीच्या आसपास आणि पुनर्विकासाच्या करारावर सही केल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुष्कळांना होते. संक्रमण शिबिरात रात्री झोप लागत नाही, ट्रंकेतले जुने फोटो बाहेर निघतात, फोटोत आपल्यामागे दिसणारा लाकडी कठडा किती देखणा होता हे पहिल्यांदाच लक्षात येते, आणि सकाळी माणूस सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर लिहितो की, पुढच्या पिढीसाठी आपण काहीतरी जपले पाहिजे. त्यावर चाळीस अंगठे येतात. अशा जागृत नागरिकांचा उत्साह वाया जाऊ नये, एवढ्याच हेतूने पुढील सूचना केल्या आहेत.

पहिली सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. जी वस्तू आपल्याला जपायची आहे, ती जागेवर उभी असेपर्यंत संग्रहालयाचा विचारही मनात आणू नये. उभी इमारत ही फार त्रासदायक गोष्ट असते. ती पावसाळ्यात गळते, तिला टेकू लावावे लागतात, तिच्यात भाडेकरू राहतात, त्या भाडेकरूंचे घरमालकाशी पागडीवरून तीन पिढ्यांचे दावे चालू असतात, आणि एवढे सगळे असून ती सुंदर आहे असे म्हणावे, तर म्हणणाऱ्यालाच लोक विचारतात की, तुम्ही येऊन राहता का इथे? पाडलेली इमारत मात्र अत्यंत गुणी असते. ती गळत नाही, भाडे थकवत नाही, आणि तिच्याविषयी सर्वांचे एकमत होते. पाडून झाल्यानंतर तिच्यावर प्रेम करण्यास महापालिका, विकासक, स्थानिक लोकप्रतिनिधी आणि मूळ रहिवासी हे सगळे एकाच व्यासपीठावर येतात, हे दृश्य इमारत उभी असताना कधी पाहिल्याचे मला तरी आठवत नाही.

हा काही माझा शोध नव्हे. या शहराची ती जुनी रीत आहे. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, १८६०च्या दशकात, किल्ल्याचा तट पाडला गेला आणि त्याबरोबर त्याचे दरवाजेही गेले. त्यांपैकी एका दरवाजाच्या नावाचे रेल्वे स्थानक आज पश्चिम रेल्वेचे टोक आहे. तिथे रोज लाखो माणसे उतरतात, आणि चर्चगेटला गेट कुठे आहे असे आजवर कुणी विचारलेले नाही. काळ्या घोड्याचे उदाहरण तर याहून बोधप्रद आहे. जोसेफ बोहम या शिल्पकाराने घडवलेला, त्या वेळच्या युवराजाचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १८७९ साली बसवला गेला आणि १९६५ साली तो तिथून उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला गेला. पुढे बावन्न वर्षे त्या चौकात घोडा नव्हता. तरीही पत्ता सांगताना सगळे काळा घोडाच म्हणत राहिले, त्याच नावाने तिथे दर वर्षी कलामहोत्सवही भरू लागला, आणि २०१७ साली शेवटी तिथे नवा घोडा आणून बसवला गेला, तो स्वाराशिवाय. वस्तू नसल्यावर तिची कीर्ती कशी निर्वेध वाढते, याचा याहून चांगला दाखला हवा असेल, तर तो तुमच्याच पिनकोडात सापडेल.

आता तुम्हाला कुणीतरी शहाणा मनुष्य सांगेल की, भायखळ्याला जा, तिथले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहा, ते या शहराचेच संग्रहालय आहे. माझा सल्ला असा की, पाहण्यास हरकत नाही, परंतु त्याचा आदर्श चुकूनही ठेवू नये. त्याची सारी कथाच गैरसोयीची आहे. मूळ संग्रह किल्ल्यातल्या बराकीत होता. १८५७ साली लष्कराला बराकी हव्या झाल्या आणि संग्रह उठवावा लागला. इथपर्यंत सर्व काही मुंबईच्या रिवाजाला धरून होते. परंतु भाऊ दाजी, नाना शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवुड या मंडळींना स्वस्थ बसवेना. त्यांनी वर्गणी गोळा केली, १८६२ साली पायाभरणी करवली, आणि मध्ये पैशांची चणचण होऊनही १८७२ साली इमारत लोकांसाठी उघडली. नानांचे तर त्याआधीच, १८६५ साली, निधन झाले होते. उद्घाटनाचा फोटो निघण्याची शाश्वती नसताना माणसाने दहा-दहा वर्षे एखाद्या कामामागे लागावे, हा प्रकार आजच्या कार्यकर्त्याने का म्हणून अंगीकारावा?

पुढे १९७५ साली व्हिक्टोरिया व अल्बर्ट हे नाव जाऊन भाऊ दाजींचे नाव आले, इमारत यथाक्रम जीर्ण झाली, आणि २००३ पासून पाच वर्षे खर्ची घालून महापालिका, बजाज प्रतिष्ठान आणि वारसा जपणारी संस्था इन्टॅक यांनी ती पुन्हा उभी केली. छतावरचे नक्षीकाम, रंग, लोखंडी खांब, फरशा, सगळे हाताने, सावकाश, पूर्वी होते तसे. काम चालू असतानाच २००५ साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. पाच वर्षे! तेवढ्या काळात तिथे दोन टॉवर आणि एक वाहनतळ उभा राहिला असता. जीर्णोद्धाराचा झटपट मार्ग हवा असेल, तर वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावाकडे पाहावे. तिथे २०२४च्या जून महिन्यात तलावाच्या कामासाठी थेट यंत्रच पायऱ्यांवर उतरवले गेले आणि शतकांच्या जुन्या पायऱ्यांनी काही तासांतच आधुनिक रूप धारण केले. त्यावर गुन्हा नोंदवला गेला ही गोष्ट अलाहिदा. वेगाचे कौतुक कुणी केले नाही, याची खंत वाटते.

शिवाय ज्या राणीच्या बागेच्या दाराशी हे भायखळ्याचे संग्रहालय आहे, तिथे लोक कशासाठी येतात हेही ध्यानात घ्यावे. २०१६ साली सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले, आणि तेव्हापासून रविवारची गर्दी कुठे वळते हे सांगायला नको. संग्रहालयाच्या बाहेर काळ्या दगडाचा एक प्रचंड हत्ती उभा आहे. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून एलिफंटा हे नाव दिले, तोच हा हत्ती. १८६४ साली त्याला विलायतेला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना क्रेन तुटली, हत्तीचे तुकडे झाले, आणि पुढे १९१४ साली ते तुकडे बागेत जुळवले गेले. तो फुटला म्हणून मुंबईत राहिला. अखंड असता, तर आज लंडनच्या एखाद्या दालनात त्याच्यासमोर आपण विमानाचे तिकीट काढून उभे असतो. आणि इथे हाताशी आहे, तर लोक त्याच्या सोंडेला टेकून पेंग्विनच्या रांगेत गेलेल्या नातवाची वाट पाहतात. (मी स्वतः दोन वेळा टेकलो आहे. दगड दुपारी बऱ्यापैकी तापतो.)

तेव्हा जागेचा आणि इमारतीचा विचार सोडून आपण मांडणीकडे वळू. मांडणीत सर्वांत नाजूक काम नावांच्या पाट्यांचे असते. त्यासाठी एक सोपा नियम आहे: ज्याने नकाशा काढला त्याचे पूर्ण नाव, जन्म-मृत्यूच्या सनांसह, ठळक अक्षरांत द्यावे, ज्याने दगड फोडला त्याला ‘स्थानिक कारागीर’ म्हणावे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे श्रेय फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांना सर्वत्र दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या भिंतींवरची पाने, फुले, माकडे, मोर आणि घुबडे कोरण्यात ज्यांचा हात होता, ती जे. जे. कलाशाळेतली मुले होती, आणि ती सारी मिळून ‘विद्यार्थी’ या एका शब्दात मावतात. त्यांतल्या एखाद्याचे नाव तुम्हाला सापडलेच, तर ते पाटीवर घालण्याचा मोह आवरावा, कारण एकाचे घातले की दुसऱ्याचे नातेवाईक येतात.

माणसांच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी. भायखळ्याला मुंबईतल्या नाना जमातींचे आणि धंद्यांचे मातीचे चिमुकले पुतळे आहेत, पगड्यांचे नमुने आहेत, आणि ते खरोखरच फार सुरेख आहेत. मातीच्या माणसाचे फायदे पाहावेत. मातीची कोळीण कमरेवर हात ठेवून शतकभर उभी राहते, परंतु बाजाराची इमारत पाडताना आपली टोपली कुठे मांडायची असे विचारत नाही. तिला वास येत नाही. तिच्याविषयी प्रेक्षकाला अभिमान वाटतो आणि त्याच प्रेक्षकाच्या सोसायटीच्या फाटकापाशी बसणाऱ्या कोळणीविरुद्ध त्याने केलेली तक्रारही त्याच वेळी वॉर्ड कार्यालयात शांतपणे पुढे सरकत राहते.

कलांचे दालन करायचे ठरवलेत, तर गिरणगावासारखी समृद्ध सामग्री दुसरीकडे मिळणार नाही. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी पाळ्या सांभाळून इथे भजने, नमन, शक्ती-तुरे, दशावतार आणि वगनाट्ये केली. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्या लालबावटा कलापथकाचे पोवाडे इथल्याच मैदानांतून घुमले. कामगारांच्या नाटकांसाठी परळला १९२२ सालापासून दामोदर नाट्यगृह होते. आता हे सारे ज्या पगारावर आणि ज्या खाणावळींच्या जेवणावर उभे होते, त्याचे काय झाले, असा प्रश्न दालनात उपस्थित होऊ देऊ नये. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, एवढे एक वाक्य पुरे. त्यानंतर लगेच ढोलकी ठेवावी, शक्यतो बटण दाबल्यावर वाजणारी. गिरणी हवीच असेल, तर चिमणी ठेवावी. मॉलच्या आवारात धूर न सोडणारी चिमणी किती शोभते हे लोअर परळने दाखवून दिलेच आहे. आणि वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयाविषयी म्हणाल, तर काळाचौकीला बंद गिरणीच्या जागेवर ते उभे करण्याची बोलणी इतकी वर्षे चालली आहेत की, ती बोलणीच आता श्रेणी एकच्या वारशात घालायला हरकत नाही.

खासगी संग्राहकांची मदत घेण्यास संकोच करू नये. आमची गिरगावातली चाळ पाडली, तेव्हा जिन्याचा सागवानी कठडा एका रात्रीत नाहीसा झाला. चोरबाजारात शोधला, मिळाला नाही. तीन वर्षांनी तो मला उपनगरातल्या एका झकपक उपाहारगृहात भेटला. त्यावर काच टाकून मेज केले होते, आणि ज्या ठिकाणी आम्ही मुलांनी कंपासच्या टोकाने क्रिकेटच्या धावा कोरल्या होत्या, नेमक्या त्याच ठिकाणी माझी थाळी ठेवली गेली. वाढप्याने कौतुकाने सांगितले की, हे अस्सल जुने लाकूड आहे. थाळीत मिसळ होती. तिची किंमत चाळीच्या आमच्या खोलीच्या दोन वर्षांच्या भाड्याहून अधिक निघाली. जतन यालाच म्हणतात.

शेवटी मुख्य आकर्षण. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बीडीडीच्या, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, मिळून २०७ चाळी, १९२०च्या दशकात बांधलेल्या, दर खोली १६० चौरस फुटांची. या चाळी आता एकेक करून जात आहेत, नव्या घरांच्या चाव्याही वाटल्या जाऊ लागल्या आहेत, आणि ज्यांना पाचशे चौरस फूट मिळाले त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार, संडासाच्या रांगेतून केव्हाच सुटलेल्या माझ्यासारख्याला तर मुळीच नाही. परंतु संग्रहालयात चाळीतली खोली हवीच. ती उभारताना प्रेक्षकांना मोकळेपणी फिरता यावे म्हणून तीनशे चौरस फुटांची करावी. तिच्या निम्म्या जागेत दहा माणसे झोपत होती, हे तसेही कुणाला खरे वाटत नाही. कोपऱ्यात मोरी, तिच्यावर फळी, फळीवर स्टोव्ह, भिंतीवर कुटुंबाचा एक फोटो, आणि काचेच्या पेटीत पितळी तांब्या ठेवावा. तांब्याच्या गळ्याशी लग्नात भेट देणाऱ्याचे आणि घेणारीचे नाव कोरलेले असते, ते मागच्या बाजूला करावे आणि पाटीवर ‘घरगुती वापराचे भांडे, विसावे शतक, दाता अज्ञात’ असे लिहावे.

एखाद्या दिवशी, बहुधा बुधवार सोडून, कारण बुधवारी भायखळ्यालाही सुट्टी असते, एक सत्तरीच्या बाई नातीचा हात धरून येतील. उंबऱ्यापाशी थबकून त्या चपला काढतील. सुरक्षारक्षकाने त्यांना सांगावे की, इथे चपला काढायच्या नसतात. मग त्या पेटीपाशी जातील, वाकतील, तांब्याच्या मागच्या बाजूला काय आहे ते पाहण्यासाठी मान तिरपी करतील, आणि नातीला म्हणतील, ‘वाच गं, काय लिहिलंय.’ रक्षकाला आधीच शिकवून ठेवावे. त्याने आवाज न चढवता एवढेच म्हणावे, ‘मावशी, काचेला हात लावू नका.’