पक्षाघात कुठल्या कप्प्यात? एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर,

आजारांच्या वर्गीकरणावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “पक्षाघात मेंदूचा आजार आहे हे शाळकरी पोरही सांगेल, तुम्ही तो रक्ताभिसरणात टाकलात. गुगलवरून उचलून वैद्यकावर लिहू नये.” शिवाय लेख रटाळ आहे, आयुर्वेदाच्या संज्ञा का नाहीत, हेही. पहिल्याच प्रतिक्रियेत उचलेगिरीचा आरोप, तोही टोपणनावाने! असो. एक चूक कबूल. आयसीडी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांच्या कोडांची यादी. तिची अकरावी आवृत्ती, आयसीडी-११, ‘२०१९पासून लागू’ असं मी लिहिलं होतं. २०१९ला जागतिक आरोग्य सभेने ती मंजूर केली, लागू झाली १ जानेवारी २०२२ला. दुरुस्ती केली आहे.

पण ‘टाकलात’ म्हणजे काय? आधीच्या आयसीडी-१०मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार आय६० ते आय६९ या कोडांखाली, रक्ताभिसरणाच्या नवव्या प्रकरणातच आहेत. बारा वर्षं केसपेपर वाचून आजारांना कोड लावतोय, एवढं वाचता येतं मला. आयसीडी मोजणीसाठी आहे. मृत्यूचं मूळ कारण एकदाच मोजायचं, म्हणून त्याला घर एकच. गुठळी किंवा रक्तस्राव रक्तवाहिनीतला, म्हणून घर तिकडे. शोधनिबंध शोधायच्या ‘मेश’ सूचीला असली अडचण नाही, तिथे स्ट्रोक, म्हणजे पक्षाघाताचा झटका, मज्जासंस्थेच्या फांदीवरही आहे आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्याही.

त्यात आपला मराठी शब्द दुहेरी. झटक्यालाही पक्षाघात आणि अर्धं अंग लुळं पडतं त्यालाही पक्षाघात. त्या लुळेपणाचा कोड जी८१, मज्जासंस्थेतला. शिवाय टीआयए, म्हणजे चोवीस तासांच्या आत ओसरणारा झटका, आयसीडी-१०ने जी४५ला ठेवलाय, तोही मज्जासंस्थेत! ही विसंगती तुम्ही पकडली असतीत तर हात जोडले असते. आयसीडी-११ने स्ट्रोक आणि टीआयए हे दोन्ही झटके आठव्या प्रकरणात, मज्जासंस्थेत, एकत्र आणले. म्हणजे नव्या यादीत घर तुम्ही म्हणता तेच. पण माझा तक्ता दहाचा होता आणि तसं वर ठळक लिहिलं होतं.

या स्थलांतराचा फटका आकडेवारीला बसतो. जुन्या-नव्या वर्षांची प्रकरणवार बेरीज शेजारी ठेवली, तर रक्ताभिसरणाचे मृत्यू अचानक घटलेले आणि मज्जासंस्थेचे वाढलेले दिसतील. प्रत्यक्षात एकही रुग्ण बदललेला नसेल. म्हणून आय६० ते आय६९ वेगळे काढून आयसीडी-११च्या ८बी या मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या गटाशीच ताडायचे.

आणि डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘सीव्हीए’ (स्ट्रोकचंच जुनं नाव) खरडलेलं असलं की आम्हाला आय६४ लावावा लागतो, म्हणजे गुठळी की रक्तस्राव ते नमूद नाही. ‘इन्फार्क्ट’ (रक्तपुरवठा तुटून मेंदूचा भाग मरणं) एवढा एक शब्द लिहिलात तर आय६३ मिळतो, मेंदूतला रक्तस्राव लिहिलात तर आय६१. कोडरच्या नावाने खडे फोडण्याआधी आपलीच कार्डं एकदा चाळा.

लेख रटाळ वाटला? कोडांचे तक्ते रटाळच असतात. आयुर्वेदाच्या संज्ञा का नाहीत, तर तो विषयच नव्हता. यापुढे नावानिशी लिहिलंत तरच उत्तर देईन.