शाळा 'देऊन टाका' म्हणणाऱ्यांनो, आधी एवढं वाचा

सकाळी ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज. 'झेडपीच्या शाळा ट्रस्टना देऊन टाका. न्यू ऑर्लिन्सने दिल्या, शहर सुधारलं.' हे अमेरिकेतलं शहर. खाली अंगठ्यांची रांग. देऊन टाका? शाळा म्हणजे माळ्यावरचं जुनं सामान नव्हे.

ऑगस्ट २००५ मध्ये तिथे कतरिना वादळ आलं. नोव्हेंबरात लुइझियाना राज्याच्या विधिमंडळाने न्यू ऑर्लिन्सच्या शाळांसाठी 'नापास'ची रेषा ६० गुणांवरून ८७.४ वर नेली; त्याखालची शाळा राज्य ताब्यात घेऊ शकत होतं. शंभराहून जास्त शाळा जिल्हा मंडळाच्या हातून राज्याकडे गेल्या आणि हळूहळू चार्टर संस्थांकडे, म्हणजे सरकारी पैशावर करारानं शाळा चालवणाऱ्या खासगी संस्थांकडे. सात हजारांवर कर्मचारी घरी बसवले, तेही ज्यांची घरं नुकतीच पाण्यात गेली होती अशांना. मेसेजमधल्या 'दिल्या' या शब्दात हे कुठे आहे?

पुढचं तर कोणी विचारतच नाही. पैसा मुलामागे येतो. तिथे पट १ ऑक्टोबर आणि १ फेब्रुवारीला मोजतात. चार मुलं गेली की त्यांचे पैसे जातात. बाईंचा पगार, बसभाडं, वीजबिल मात्र तेवढंच. चाळीस शाळा असलेल्या मंडळाला उच्चार सुधारणारा तज्ज्ञ सगळीकडे फिरवता येतो, एकट्या शाळेला तो परवडत नाही. मग ज्या मुलावर जास्त खर्च, तेच नकोसं होतं. दिव्यांग मुलांच्या पालकांना २०१० मध्ये कोर्टात जावं लागलं. तडजोड झाली २०१५ मध्ये. तोवर पहिलीतलं मूल सहावीत गेलं! प्रवेशाचा एकच सामायिक अर्जसुद्धा २०१२ मध्ये आला. तोवर पालक शाळाशाळांच्या दारात.

निकाल सुधारले, हे मान्य. पण मुलामागचा खर्चही वाढला होता.

मेसेज पाठवणाऱ्याची तळमळ खोटी नाही, हेही कळतं. गळकं छप्पर आणि चार वर्गांना दोन शिक्षक बघून कोणीही वैतागेल. म्हणूनच सांगते, आधी करारनामा मागा. इमारत कोणाच्या नावावर, छप्पर कोण दुरुस्त करणार, मुलाला काढलं तर सुनावणी कोणासमोर, पटमोजणीनंतर गेलेल्या मुलाचे पैसे कोणाकडे. आणि संस्था मध्येच बाहेर पडली, तर दुसऱ्या दिवशी मुलं कुठल्या वर्गात बसणार?

न्यू ऑर्लिन्समध्ये असा प्रश्न आलाय. एका चार्टर शाळेचा करार संपला, त्याचं नूतनीकरण झालं नाही. २०२४ मध्ये जिल्हा मंडळाने तिच्याच इमारतीत लीआ चेस शाळा उघडली. स्वतः चालवायला.