"महागाचा डबा घ्या, टेस्टिंग म्हणजे थोतांड" हे फॉरवर्ड करणाऱ्यांनो, जरा थांबा

गेले दोन-तीन आठवडे शूटिंगच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. मलाच तो पाच जणांनी पाठवला, त्यात तीन पालक, आणि एकाने तर खाली "सर खरंय का हो हे?" असं विचारलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, नंतर लिंक पाठवली की काम झालं.

मेसेज ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पॉइंट टू टू (०.२२ इंची) रायफल गोळ्या बनवणाऱ्या कंपनीच्या टेस्ट रेंजवर नेऊन तिला कुठलं ॲम्युनिशन सूट होतं ते बघणं हा नुसता पैसे काढायचा धंदा आहे, त्यापेक्षा सगळ्यात महागाचा डबा घ्या, जेवढं फास्ट तेवढं चांगलं, फारच शंका असेल तर क्लबवर पाच-पाच गोळ्या मारून बघा, एकदा ठरलं की जन्मभर तेच वापरा, शिकंज्यात आवळून मारलेल्या गोळीचा माणसाच्या शूटिंगशी काय संबंध, आणि शेवटी आपला नेहमीचा तडका, शूटर भारी असला की कसलीही गोळी टेनमध्येच, म्हणजे टार्गेटच्या मधल्या रिंगमध्येच जाते, आपला ऑलिम्पिक ब्राँझवाला स्वप्निल कुसाळे बघा.

पहिलं महागाच्या डब्याचं घेऊ, कारण बाकी सगळी गाडी तिथूनच रुळावरून घसरलीय.

पॉइंट टू टूचं काडतूस रिमफायर असतं, ते म्हणजे काय ते आधी बघा. सेंटरफायरच्या काडतुसात मागे मधोमध वेगळा प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) बसवलेला असतो, लोक तो काढून नवा घालतात, पावडर मोजून भरतात, आपल्या रायफलला पाहिजे तसं काडतूस घरी बनवतात. रिमफायरला ती सोय नाही. पेटवायचा ओला मसाला काडतुसाच्या केसमध्ये, म्हणजे पितळी नळीत टाकून ती गरगर फिरवतात, तो कडेच्या पोकळ रिममध्ये जाऊन बसतो, आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आपटते. सगळ्या कडेला मसाला सारखा बसला का, हे तुमच्या-माझ्या हातात नाही. हॉटेलातल्या आमटीसारखं आहे हे, मीठ त्यांनी घातलंय, तुम्ही फक्त आज कुठल्या हॉटेलात जायचं ते ठरवू शकता. त्या मसाल्याचा एक घाणा बदलला, पावडरची बॅच बदलली, गोळीवरचं मेण जरा वेगळं बसलं, की लॉट, म्हणजे एकत्र बनलेला माल, बदलला. डब्यावर नाव तेच, किंमत तीच, आतला माल वेगळा.

आता महाग म्हणजे काय? एली टेनेक्स, लापुआ एक्स-ॲक्ट, आरडब्ल्यूएसचं आर ५० ही वरची नावं आहेत आणि ॲम्युनिशन उत्तमच आहे, त्यात वाद नाही. पण वरच्या ग्रेडचा शिक्का बसतो तो कंपनीत टेस्ट होऊन, त्यांच्या बॅरलमधून. तुमच्या बॅरलला त्यांनी कधी बघितलेलंच नाही. एकाच कारखान्यात एकाच आठवड्यात बनलेल्या दोन बॅरलसुद्धा आतून तंतोतंत सारख्या नसतात, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) सूतभर इकडचा तिकडे, तोंडाची कड थोडी वेगळी, बोअर (नळीचं आतलं भोक) कुठेतरी किंचित घट्ट. शिसं मऊ असतं, त्याला हे सगळं जाणवतं. म्हणून एका रायफलमधून टेनेक्सचा एक लॉट स्वप्नासारखा जातो आणि शेजारच्या लेनवर त्याच मॉडेलच्या रायफलमधून तोच लॉट पसरतो, आणि तिला मग लापुआचं दोन पायऱ्या खालचं सेंटर-एक्स छान चालतं. वरच्या ग्रेडमध्ये चांगला लॉट सापडायची शक्यता जास्त, एवढंच महागाचं खरं आहे. बाकीच्यासाठी मारून बघावंच लागतं.

एक उपमुद्दा पटकन. एलीच्या डब्यावर लॉट नंबरबरोबर स्पीडचा आकडा छापलेला असतो. आकडा सेम म्हणजे लॉट सेम, असं समजून खरेदी करणारे मी बघितलेत. दोन माणसांचं वजन सारखं असलं म्हणून चपलेचं माप सारखं येत नाही.

स्पीडवर आलोच आहोत तर "फास्ट तेवढं चांगलं" हेही निकालात काढू. मॅच ॲम्युनिशन मुद्दाम हळू असतं, साधारण ३२० ते ३३० मीटर सेकंदाला, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या खाली. हाय व्हेलॉसिटीची गोळी त्याच्या वर सुटते आणि टार्गेटकडे जाता जाता पुन्हा खाली येते, आणि ती हद्द ओलांडताना तिला हेलकावा बसतो. वर आणखी गंमत म्हणजे पॉइंट टू टूमध्ये फास्ट गोळी वाऱ्याने जास्त ढकलली जाते, कमी नाही, कारण त्या वेगाला हवा तिला जास्त अडवते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं. महत्त्वाचं आहे ते प्रत्येक गोळीचा वेग सारखा असणं. हिशेब करून बघा, ५० मीटर जायला गोळीला साधारण ०.१६ सेकंद लागतो, तेवढ्यात ती १२ सेंटिमीटरच्या आसपास खाली पडते, ते आपण सायटवर भरून काढलेलं असतं. एखादी गोळी बाकीच्यांपेक्षा सेकंदाला १० मीटरने हळू निघाली तर ती अजून सुमारे ७ मिलिमीटर खाली बसते. ५० मीटरच्या टार्गेटवर टेनची रिंग १०.४ मिलिमीटरची, शर्टाच्या बटणाएवढी. दशांश स्कोअरिंगमध्ये ०.१ म्हणजे ०.८ मिलिमीटर. म्हणजे तुम्ही अगदी मध्यावर सोडलेला १०.९, म्हणजे सगळ्यात वरचा स्कोअर, कागदावर १०.१च्या आसपास येणार आणि तुम्ही स्वतःच्या ट्रिगरला शिव्या घालत बसणार.

आता सगळ्यात मोठा मुद्दा, पाच गोळ्यांचा. इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण ही चूक मीही वर्षानुवर्षं केलीय.

मागच्या एका रविवारी बालेवाडीच्या रेंजवर आमच्या एका ज्युनियरचे बाबा दोन डबे घेऊन आले, वेगवेगळे लॉट. मुलीने बेंचवर सँडबॅग लावून दोन्हींचे पाच-पाच मारले. पहिल्या लॉटच्या भोकांचा ग्रुप १८ मिलिमीटर, दुसऱ्याचा ११, लगेच बाबा म्हणाले, "झालं, दुसऱ्याचे चार ब्रिक (मोठे खोके) घेऊन टाकतो." म्हटलं काका, पाच मिनिटं थांबा, हाच दुसरा लॉट अजून दोनदा मारू दे. मारला. आला १६ आणि मग १९. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पोरगी मात्र हसत होती.

यात लॉट बिघडला नाही की पोरगी चुकली नाही. पाच शॉटचा ग्रुप म्हणजे पाच भोकांतल्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर, आणि दोन भोकांवर अवलंबून असलेला आकडा उड्या मारणारच. ज्या लॉटची सरासरी १५ मिलिमीटर आहे तो पाच-पाच शॉटमध्ये ११ पण दाखवतो आणि १९ पण, अगदी सहज. समजा एका लॉटची खरी सरासरी १३ आहे आणि दुसऱ्याची १५, आणि तुम्ही दोन्हींचा एक-एकच पाच शॉटचा ग्रुप काढला, तर साधारण तीनातल्या एका वेळी हरायला पाहिजे तो लॉट जिंकेल. आणि त्या भरवशावर तुम्ही पाच हजार गोळ्यांची पेटी उचलणार! वर सँडबॅगवर का होईना, मारतंय माणूसच. श्वास आहे, खांद्याचा दाब आहे, ट्रिगर आहे, त्या दिवशीचा वारा आहे. कागदावर हे सगळं एकत्र दिसतं, त्यातून लॉटचं वेगळं कसं काढणार?

अजून एक गोष्ट कुणी करत नाही. लॉट बदलला की पहिल्या दहा-वीस गोळ्या मोजायच्याच नसतात, कारण बॅरलमध्ये आधीच्या ॲम्युनिशनचं मेण बसलेलं असतं आणि नवं मेण बसेपर्यंत गोळ्या इकडेतिकडे जातात. पाच गोळ्या मारून निकाल लावणारा माणूस खरं तर आदल्या लॉटचं मेण टेस्ट करत असतो.

टेस्ट रेंजवर हेच सगळं नीट करतात, बाकी जादू काही नाही. लापुआचं सेंटर जर्मनीत शोनेबेकला आहे, अमेरिकेत ॲरिझोनातल्या मेसाला आहे, एलीची रेंज इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ. तिथे बॅरल-ॲक्शन (नळी आणि मागची यंत्रणा) स्टॉकमधून, म्हणजे दस्त्यातून काढून जड फिक्श्चरमध्ये आवळतात, मेसेजमधला शिकंजा तो हाच, रेंज बंदिस्त, वारा नाही, समोर इलेक्ट्रॉनिक टार्गेट, प्रत्येक लॉटआधी बॅरल सीझन करून घेतात (म्हणजे नवं मेण बसेपर्यंत गोळ्या मारतात), मग दहा-दहाचे ग्रुप, आणि जे लॉट बरे दिसतात ते पुन्हा पुन्हा मारून सगळे शॉट एकावर एक ठेवून बघतात. चाळीस शॉट एकत्र बघितले की लॉटचं खरं रूप दिसतं, नुसता आकडा नाही, आकारसुद्धा, म्हणजे गोल पसरतोय की उभा लांबतोय. उभा लांबला की स्पीडवर संशय घ्यायचा. मग जो लॉट आवडला तोच तिथून विकत घ्यायचा, कारण नंतर तो मिळेलच असं नाही.

"कंपनीचा धंदा" या आरोपात तथ्य आहे का? आहे की. एली तुम्हाला एलीच दाखवणार, लापुआ लापुआच, आणि शेवटी माल विकायचाच आहे त्यांना. तुमच्या बॅरलला तिसऱ्याच कंपनीचं सूट होत असेल तर ते तिथे कळणार नाही. ही मर्यादा लक्षात ठेवून जायचं. पण दुकानदार साडी उलगडून दाखवतो तो विकायलाच दाखवतो, म्हणून आपण साडी घडी न मोडता घेत नाही ना.

शिकंज्याच्या मुद्द्यातही थोडं खरं आहे, आणि हा एकच मुद्दा मेसेजवाल्याने जरा विचार करून लिहिलेला दिसतो. स्टॉकमध्ये बसवल्यावर बेडिंग (ॲक्शन स्टॉकमध्ये कशी टेकते ते), स्क्रूचा आवळ, स्लिंगच्या (हाताला बांधायच्या पट्ट्याच्या) ताणामुळे चित्र थोडं बदलू शकतं. म्हणून परत आल्यावर निवडलेले दोन-तीन लॉट प्रोनमध्ये (पालथं झोपून) मारून खात्री करायची असते. पण "माणसाशी काय संबंध" हा प्रश्न उलटा आहे. माणूस बाजूला काढायचा म्हणूनच तर आवळतात. नऊ लागला की तो माझा की गोळीचा, हे ज्याला कळत नाही तो सरावात चुकीची गोष्ट दुरुस्त करत बसतो. माझा एक पूर्ण सीझन असा गेलाय, पोझिशन तीनदा बदलली, आणि शेवटी निघाला लॉट.

"एकदा ठरलं की जन्मभर"? लॉट संपतो हो. संपला की त्याच नावाचा पुढचा डबा म्हणजे नवा लॉट, पुन्हा श्रीगणेशा.

राहता राहिलं स्वप्निलचं नाव. कांबळवाडीचा पोरगा, पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) ब्राँझ, क्वालिफिकेशनला ५९० मारून सातवा, फायनलला ४५१.४. आम्ही सगळ्यांनी रेंजच्या ऑफिसात मोबाइलला चिकटून बघितलं. पण त्याच फायनलचे वरचे दोन आकडे बघा. चीनचा लिऊ युकुन ४६३.६, युक्रेनचा सेर्ही कुलिश ४६१.३. फरक २.३ पॉइंट, तो ४५ शॉटमध्ये वाटला तर शॉटमागे ०.०५, म्हणजे कागदावर ०.४ मिलिमीटर. गोल्ड आणि सिल्व्हरमधलं अंतर एवढं. आणि ज्या लेव्हलला शूटर एवढे सारखे झालेत तिथे गोळीने दिलेला-घेतलेला एक मिलिमीटर चालतो असं तुम्ही म्हणताय? शूटर जेवढा भारी तेवढा त्याला लॉटचा फरक जास्त कळतो. जो अजून आठ-नऊमध्ये फिरतोय त्याने टेस्टिंगच्या नावाने एक रुपया घालवू नये, त्याने ड्राय फायरिंग (गोळी न घालता सराव) करावं, हे मी पालकांना तोंडावर सांगतो.

आणि मला माहितीय पुढचा प्रश्न काय येणार. जर्मनीला कोण जाणार सर? बरोबर आहे, रायफल घेऊन विमानात चढायचं म्हणजे लायसन्स, एअरलाइनची परवानगी, दोन्हीकडचं कस्टम्स, आणि इथे बऱ्याच पोरांना असोसिएशनकडून जो लॉट येईल तोच मिळतो. मग निदान एवढं करा. डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिहा. एका मॅचला दोन लॉट मिसळू नका. क्लबमध्ये तीन-चार लॉट आले असतील तर चार-पाच जणांनी मिळून थोडे थोडे घ्या, प्रत्येकाच्या रायफलमधून प्रत्येक लॉटचे आधी वीस सोडून द्या आणि मग दहा-दहाचे चार ग्रुप, वारा पडलेला असताना, सकाळी लवकर, आणि मग आपापसात डबे बदला. तुम्हाला न चाललेला लॉट शेजारच्याला चालू शकतो.

त्या काकांनी तेच केलं. तिसराच एक लॉट निघाला, मधल्या ग्रेडचा, एका सीनियर मुलाने नको म्हणून बाजूला ठेवलेला. पोरीने त्याचे चाळीस एकावर एक ठेवलेला कागद किट बॅगच्या झाकणाला आतून चिकटवलाय, आणि वर स्केच पेनने लॉट नंबर.