पॅराशूट जुनं झालेलं नाही: विंगसूटच्या लँडिंगवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतो आहे. आमच्या कामशेतच्या पॅराग्लायडिंग ग्रुपवर आला, ट्रेकिंगच्या दोन ग्रुपवर आला, आणि परवा नुकताच कोर्स संपवलेल्या एका मुलानं तो मला वेगळा पाठवला. खाली त्याचा प्रश्न होता, "दादा, कोकणकड्यावरून जमेल का?" कोकणकडा म्हणजे हरिश्चंद्रगडाचा तो प्रचंड कडा. तो प्रश्न वाचला आणि लिहायलाच बसलो.

मेसेजमधलं म्हणणं थोडक्यात असं: विंगसूट (हातापायांमध्ये कापडाचे पंख असलेला उडण्याचा पोशाख) घातला की माणसाला आता पॅराशूटची गरज नाही. २०१२ सालीच एका इंग्रजानं हे सिद्ध केलं. उडती खार करते तेच माणूस करतो. शेवटी फ्लेअर केला, म्हणजे अंग वर उचललं, की वेग संपतो. मरतात ते शिकाऊ. आणि आपल्या सह्याद्रीत तर असे कडे जागोजागी आहेत.

२०१२ ची गोष्ट खरी आहे, म्हणून आधी तीच घेतो. गॅरी कॉनरी हा ब्रिटिश स्टंटमन. २३ मे २०१२ रोजी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशरमधल्या हेन्लीजवळ त्यानं सुमारे ७३० मीटर उंचीवरच्या हेलिकॉप्टरमधून उडी घेतली आणि पॅराशूट न उघडता विंगसूटवर खाली आला. स्वतःच्या पायांनी चालत बाहेर पडला. या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तो उतरला कशावर, हे मेसेज सांगत नाही. उतरण्याच्या जागी पुठ्ठ्याची सुमारे १८,६०० खोकी रचून शंभरेक मीटर लांबीची पट्टी केली होती. कॉनरी त्या खोक्यांत घुसला. पुठ्ठे एकामागून एक चेपत गेले आणि त्याचा वेग त्यांनी खाल्ला. विमान चाकांवर उतरतं, पक्षी पायांवर; कॉनरीचे पाय म्हणजे ती खोकी होती. तो जिवंत राहिला त्याचं अर्धं श्रेय त्याच्या नेम धरण्याला आणि अर्धं त्या पुठ्ठ्याला. विंगसूट जमिनीवर उतरू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं नाही. उतरायचं असेल तर जमिनीवर आधी किती तयारी लागते, हे मात्र दिसलं.

लूक एकिन्स याचाही व्हिडिओ याच मेसेजला जोडलेला दिसतो. त्याचा विंगसूटशी संबंध नाही. ३० जुलै २०१६ रोजी कॅलिफोर्नियात तो पॅराशूटशिवाय, विंगसूटशिवाय, २५,००० फुटांवरून पडला तो ताणून बांधलेल्या मोठ्या जाळीत. जाळी नेमकी कुठे आहे, हे ठाऊक असलेल्या तरबेज स्कायडायव्हरचं ते काम होतं.

आता उडती खार. पश्चिम घाटातल्या जंगलात रात्री या झाडावरून त्या झाडावर तरंगत जाणारी मोठी उडती खार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही उपमा का सुचते ते कळतं. पण आकार वाढला की हिशोब बदलतो. एखादा प्राणी तसाच्या तसा पाचपट लांब केला, तर त्याच्या पडद्याचं क्षेत्रफळ पंचवीसपट होतं आणि वजन सव्वाशेपट. म्हणजे पडद्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाचपट भार. तेवढा भार हवेत पेलायचा तर वेगही दुपटीहून जास्त लागतो. शिवाय खार जमिनीवर उतरत नाही. ती झाडाच्या उभ्या खोडाजवळ येते, अंग वर उचलते, सगळा पडदा वाऱ्याला आडवा लावते आणि चारही पायांच्या नख्यांनी खोड पकडते. विंगसूटमध्ये तुमचे हात धडाला आणि पाय एकमेकांना कापडानं जोडलेले असतात. पकडणार कशानं?

हाच हिशोब आपल्या ओळखीच्या पंखावर करून पाहा. पॅराग्लायडरची कॅनोपी साधारण २५ चौरस मीटर, पायलट आणि सामान धरून वजन १०० किलो: चौरस मीटरला चार किलो. विंगसूटचं कापड दीड-दोन चौरस मीटर, माणूस आणि सामान ९० किलो: चौरस मीटरला पन्नासच्या आसपास. बारापट भार. हवेत टिकण्याचा कमीत कमी वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे साडेतीन पटीच्या जवळ. पॅराग्लायडर ताशी वीस-पंचवीस किलोमीटरला स्टॉल होतो, म्हणजे हवा त्याला पेलेनाशी होते. त्यावरून विंगसूटचा ढोबळ आकडा ऐंशीच्या आसपास येतो. म्हणजे सगळं अचूक जमलं तरी पोट, छाती आणि हनुवटी जमिनीला लागतात तेव्हा शरीर मोटारसायकलच्या वेगात असतं.

फ्लेअरबद्दल लोकांचा गोंधळ होतो, कारण त्यात थोडं सत्य आहे. चांगला विंगसूट पायलट आधी नाक खाली घालून वेग घेतो, मग अंग वर वळवतो आणि काही क्षण खरोखर वर चढतो. त्या क्षणी खाली पडण्याचा वेग शून्य असतो. हे मी खोटं म्हणणार नाही. या खेळातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. पण पुढे जाण्याचा वेग शून्य होत नाही. तो फार कमी झाला की पंख स्टॉल होतो आणि माणूस पुन्हा दगडासारखा पडतो. शिवाय तो क्षण जमिनीपासून हातभर उंचीवर गाठायचा. कामशेतला आम्ही नवीन मुलांना शिकवतो तेव्हा ग्लायडर ताशी ३६ किलोमीटरनं येत असतो, सेकंदाला दहा मीटर. ब्रेक अर्धा सेकंद उशिरा ओढला तर पाच मीटर पुढे जातो, गुडघे खरचटतात, कधी घोटा मुरगळतो. विंगसूट ताशी १५० नं येत असेल तर तोच अर्धा सेकंद म्हणजे वीस मीटर. माझ्या पहिल्या महिन्यातली लँडिंग आठवली की ते वीस मीटर डोळ्यांसमोर येतात.

"मरतात ते शिकाऊ" या वाक्याचा मला राग येतो, कारण मेलेल्यांची त्यानं बदनामी होते. मार्क सटन हा काही शिकाऊ नव्हता. २७ जुलै २०१२ च्या रात्री लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाला राणी आणि जेम्स बाँड हेलिकॉप्टरमधून उडी मारताना साऱ्या जगानं पाहिले. राणीच्या वेषात गॅरी कॉनरी होता आणि बाँडच्या वेषात सटन. वर्षभरानं, ऑगस्ट २०१३ मध्ये, सटन स्वित्झर्लंडमध्ये विंगसूटवर उडताना डोंगराच्या धारेवर आदळून गेला. डीन पॉटर हा अमेरिकेतल्या मोठ्या गिर्यारोहकांपैकी एक. १६ मे २०१५ रोजी योसेमिटीत टाफ्ट पॉइंटवरून उडून एका खिंडीतून पार होताना तो आणि त्याचा साथीदार दोघेही गेले. खडकातल्या अरुंद भोकातून आरपार उडणारा इटलीचा उली इमान्युएले २०१६ मध्ये विंगसूटवर उडताना गेला. त्याच वर्षी फ्रान्समधल्या शामोनीत विंगसूटवर बंदी आली. आजच्या विंगसूटचा पाया घालणारा फ्रेंच पात्रिक द गेयार्दाँ १९९८ मध्ये हवाईत गेला. तिथे मात्र चूक पंखाची नव्हती; पॅराशूटच्या पिशवीत केलेला बदल जिवावर बेतला.

इथे एक फरक सांगायलाच हवा. विमानातून, भरपूर उंचीवर, आजूबाजूला फक्त हवा असताना विंगसूट उडवणं आणि कड्याला खेटून उडवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात चूक सुधारायला वेळ असतो, पॅराशूट असतं, रिझर्व म्हणजे राखीव पॅराशूटही असतं. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या नियमानुसार पहिल्या विंगसूट उडीआधी किमान २०० साध्या उड्या लागतात. दुसऱ्या प्रकारात खडक काही मीटरवर असतो.

राहिला कोकणकडा. लोकांना वाटतं, तिथला वारा हलक्या वस्तू वर फेकतो, नाणेघाटात धबधबा उलटा उडतो, मग माणूसही तरंगेल. पॅराग्लायडर हवेत सेकंदाला साधारण एक मीटर खाली येतो, म्हणून असा वारा त्याला वर नेतो. विंगसूट चांगला उडवला तरी सेकंदाला दहा मीटर किंवा जास्त खाली येतो. सेकंदाला पाच मीटर वर चढणारा वारा त्याला धरणार नाही. उलट कड्याच्या तोंडाशी भोवरे करून त्याला वाकडा करेल. त्यात सह्याद्रीचा कडा लाव्हाच्या थरांचा, पायऱ्यापायऱ्यांचा. कड्यावरून उडी घेतल्यावर सूटमध्ये हवा भरून तो उडू लागेपर्यंत काही सेकंद जवळजवळ सरळ पडणं असतं, आणि नेमकी तेवढ्यात एखादी पायरी बाहेर आलेली असू शकते. स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनला लोक जातात कारण ती हिमनदीनं कोरलेली दरी आहे: उभ्या भिंती, आणि खाली पॅराशूटनं उतरायला सपाट कुरणं. कोकणकड्याखाली दगडधोंडे आणि रान आहे.

म्हणून त्या मुलाला मी लिहिलं: नाही, कोकणकड्यावरून जमणार नाही.

पण पॅराशूटशिवायचं लँडिंग कधीच शक्य नाही, असं मी म्हणत नाही. मला शक्यता दिसते ती बर्फाच्या उतारावर. ऑस्ट्रियाचा स्की-जंपर स्टेफान क्राफ्ट यानं २०१७ मध्ये नॉर्वेत विकर्सुंडला स्कीवर २५३.५ मीटरची झेप घेतली. इतक्या वेगानं उतरून तो उभा राहिला, कारण खालचा उतार त्याच्या पडण्याच्या दिशेशी जवळजवळ समांतर होता. विंगसूट अडीच मीटर पुढे जाताना एक मीटर खाली येतो, म्हणजे बावीसेक अंशांचा कोन. तेवढ्याच उताराचा, लांबलचक, मऊ बर्फाचा, एकही खडक नसलेला डोंगर मिळाला, तर शरीर आपटण्याऐवजी घसरत जाईल. तिथेही शेवटच्या काही सेकंदांपर्यंत पॅराशूट उघडायचा पर्याय हाताशी ठेवावा लागेल, आणि तो पर्याय कुठल्या उंचीपर्यंत खुला राहतो हे आधी मोजून, कित्येकदा सराव करून ठरवावं लागेल.