एक स्टार आणि जुलैतलं पापलेट

आम्हाला पहिला एक स्टार मिळाला तो पापलेटमुळे.

दापोली तालुक्यात, हर्णै बंदरापासून थोडं आत, आमच्या घराच्या तीन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. स्वयंपाक मी आणि सासूबाई करतो, बाजार आणि बाग हे बघतात, आणि गूगलवरचं 'ते सगळं' पुतण्याकडे. महिना जुलै. पुण्याहून चौघं आले, दोन रात्री राहिले, आंबोळ्या मागून मागून खाल्ल्या, निघताना मुलं सासूबाईंच्या पायाही पडली. रविवारी रात्री अकराला फोन वाजला, गूगलवर त्यांचा रिव्ह्यू आला होता : 'कोकणात येऊन पापलेट नाही!! डाळ-भात खायला ताम्हिणी उतरून आलो का? मालकीणबाई उर्मट.'

उर्मट हा शब्द फार लागला. आणि माझं माहेर सदाशिव पेठेतलं. ज्या गावात दुकानाच्या दारावर पाटी लावून गिऱ्हाईकाला चार शब्द सुनावणं ही कला समजली जाते, तिथे मी वाढले. पाच मिनिटांत उत्तर लिहिलं : 'माशांनी आमच्याशी करार केलेला नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, हे आपणांस ठाऊक नसल्यास त्यास आम्ही जबाबदार नाही. बर्फातलं पापलेट पुण्यातही मिळतं, घरीच तळून खावं.' पुतण्या म्हणत होता, "काकू, आज झोप, सकाळी टाकू." ऐकलं नाही. वर त्याचा स्क्रीनशॉट इथे फेसबुकवर टाकला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हसून हसून टाळ्या दिल्या होत्या, आठवत असेल.

नोव्हेंबरात ठाण्याहून एका बाईंचा फोन आला. खोल्या, दर, जेवण, सगळं ठरलं. मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "तुम्हीच ना त्या, रिव्ह्यूवर भांडणाऱ्या? नाही, आमच्या सासूबाई जरा चोखंदळ आहेत, म्हणून आपलं विचारलं." आल्या नाहीत.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला तो त्या फोननंतर. पुण्याच्या त्या माणसाने माझं उत्तर वाचलं की नाही, देव जाणे. वाचलं ते ठाण्याच्या बाईंनी. भांडण एकाशी आणि ऐकणारे दुसरेच, असा हा प्रकार आहे. चाळीत दोघी कडाडून भांडत असतात आणि खोली बघायला आलेलं बिऱ्हाड जिन्यातच उभं राहून ऐकत असतं. पाटीचंही तेच, फक्त पाटी वाचून हसणारा माणूस आधीच दुकानाच्या दारात आलेला असतो. गूगलवर वाचणारा अजून घरातून निघालेलाही नसतो, आणि त्याच्या फोनवर आमच्याखाली आणखी वीस घरं दिसत असतात.

गूगलवर मालकाला आपलं उत्तर बदलता येतं. मी बदललं. आता तिथे आहे ते असं : 'जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते. मासळीच्या विणीचे दिवस असतात. त्यामुळे मोठा मासा ताजा मिळत नाही आणि बर्फातला आम्ही वाढत नाही. हे बुकिंगच्या वेळीच फोनवर सांगायला हवं होतं, ते राहिलं, चूक आमची. होडीवाल्यांकडून खाडीचं काही मिळालं तर करतो, नाहीतर टाकळा, भारंगी, फोडशी अशा रानभाज्या असतात.' उर्मटपणाबद्दल काही लिहिलं नाही. तो आरोप खोडायला गेलं की खराच ठरतो.

गंमत म्हणजे आता जुलैत येणारे निम्मे लोक फोनवर विचारतात, "भारंगी मिळेल ना?" तो एक स्टार अजून तिथेच आहे. काढून टाकायला गूगलला सांगावं असं आता वाटतही नाही. सांगून उपयोगही नव्हता. आवडला नाही म्हणून गूगल रिव्ह्यू काढत नाही. शिवीगाळ असेल, आलेलाच नसलेला माणूस लिहीत असेल, शेजारचा धंदेवाला नाव बदलून लिहीत असेल, तर तक्रार करता येते. पापलेट न मिळाल्याचं दुःख त्यात बसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका स्टारचं एवढं काय? हिशेब करून बघा. दहा जणांनी लिहिलंय, नऊ जणांचे पाच आणि एकाचा एक, की सरासरी 4.6 वर येते. पाच स्टारवाल्या दोनशे रिव्ह्यूंमध्ये तोच एक पडला तर ती 4.98 राहते. मोठ्या हॉटेलला जो ओरखडा, तो आमच्या तीन खोल्यांना खोक. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल शहरातल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला होता. येल्प या संकेतस्थळावर एक स्टार वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्के वाढतं असं त्यांना दिसलं. पण हा परिणाम सुट्या, एकट्या रेस्टॉरंटांवर होता, साखळीवाल्यांवर नव्हता. साहजिक आहे. ज्याचं नाव आधीच माहीत आहे त्याचे स्टार कोण मोजत बसतं? 'आमची कोठेही शाखा नाही' असं अभिमानाने सांगणाऱ्यांनाच या स्टारांची झळ जास्त.

ही झळ ओळखूनच 'रेप्युटेशन मॅनेजमेंट'वाले, म्हणजे पैसे घेऊन ऑनलाइन नाव चकचकीत करून देणारे, दारात येतात. आमच्याकडे आलेला मुलगा चांगला होता, बूट बाहेर काढून पडवीत बसला, सोलकढी प्याला. पहिली योजना साधी : पैसे द्या, महिन्याभरात पन्नास रिव्ह्यू, सगळे पाच स्टार. मी विचारलं, "हे पन्नास जण कोण?" तो म्हणाला, "मॅडम, टीम आहे."

ही टीम कुठून येते याचा अंदाज मला आहे. माझ्या भाच्याच्या खोलीतल्या मुलाला टेलिग्रामवर काम मिळालं होतं. घरबसल्या हॉटेलांना पाच स्टार द्यायचे, प्रत्येकी थोडे पैसे. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरोखर खात्यात आले. मग 'प्रीपेड टास्क' आलं, आधी भरा, जास्त मिळवा. पोरगं भरत गेलं. पुण्या-मुंबईच्या पेपरांत अशा बातम्या इतक्या येऊन गेल्यात की सायबर मदतीचा 1930 हा नंबर आता मला पाठ आहे. म्हणजे पलीकडे कुणीतरी नाडला जातोय आणि त्याच्या बोटाने दिलेले स्टार कुणाच्या तरी हॉटेलावर चमकतायत, असंही असू शकतं. त्यातले पन्नास माझ्या दारावर लावायचे? सासूबाई वाळीत टाकतील मला.

नैतिकतेचं सोडा, तसे स्टार टिकतही नाहीत. गूगलने एकट्या 2024 मध्ये 24 कोटींहून जास्त नियमबाह्य रिव्ह्यू अडवले किंवा काढले, असं त्यांनीच सांगितलंय. विक्रेत्याने ग्राहकाचं सोंग घेऊन रिव्ह्यू लिहायचा नाही, हे आपल्याकडे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने रिव्ह्यू गोळा कसे करायचे, तपासायचे कसे, छापायचे कसे यासाठी आयएस 19000 नावाचं मानकच आणलं. कुकरला, हेल्मेटला मानक असतं तसं लोकांच्या मताला मानक! ते आणलं तेव्हा ऐच्छिक होतं, म्हणजे त्याचा धाक किती असेल ते तुम्हीच समजा. अमेरिकेत 2024 पासून खोटे रिव्ह्यू विकत घेतले तर दंडाचा नियम झालाय.

लंडनचा एक किस्सा मला फार आवडतो. ऊबा बटलर नावाचा पत्रकार आधी पैसे घेऊन हॉटेलांचे खोटे रिव्ह्यू लिहायचा. 2017 मध्ये त्याने डलिच भागातल्या स्वतःच्या घरामागच्या शेडचंच रेस्टॉरंट म्हणून ट्रिपॲडव्हायझर या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावर नाव घातलं. पदार्थांचे फोटो काढले त्यात दाढीचा फेस होता. मित्रांकडून रिव्ह्यू लिहून घेतले, फोन आला की 'जागा नाही' म्हणायचं. काही महिन्यांत ते लंडनमधलं पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट झालं. एकही ताट न वाढता! मी इथे पहाटे पाचला उठून नारळ खवते, आणि तिकडे दाढीचा फेस पहिला आला.

त्या मुलाची दुसरी योजना मात्र मला पटली होती, कबूल करते. टेबलावर क्यूआर कोड ठेवायचा. पाहुण्याने चार-पाच स्टार दाबले तर त्याला थेट गूगलवर न्यायचं. तीन किंवा कमी दाबले तर एक फॉर्म उघडतो, 'तुमची तक्रार आम्हाला कळवा', आणि ती फक्त आमच्या व्हॉट्सॲपवर येते. किती सोज्वळ वाटतं! दीड महिना चालवलं आम्ही ते. मग पुतण्यानेच कुठेतरी वाचून सांगितलं की खूश माणसालाच निवडून गूगलवर पाठवणं आणि नाखुशाला बाजूला वळवणं गूगलच्या नियमात बसत नाही. रिव्ह्यूसाठी सवलत किंवा भेट देणंही नाही. मी आधी चिडले. तक्रार माझ्याजवळ करा म्हटलं तर त्यात काय पाप? मग लक्षात आलं, तक्रार ऐकायला कुणाची ना नाही. एकाला ओटीवर बसवायचं आणि दुसऱ्याला मागच्या दाराने काढायचं, ही त्यातली चलाखी आहे. कोड काढून टाकला. आता निघताना सगळ्यांना एकच सांगतो : वाटलं तर लिहा, जे वाटलं ते लिहा.

आणि लोक काय काय लिहितात! 'घरच्यासारखं वाटलं', पाच स्टार. छान वाटतं, पण वाचणाऱ्याला त्यातून काय कळतं? उलट एका काकांनी तीन स्टार देऊन लिहिलं : 'जेवण उत्तम. रस्त्यापासून घरापर्यंत 38 पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावे.' या काकांना खरं तर मानधन द्यायला हवं. पायऱ्या मी रोज चढते, मोजल्या कधीच नव्हत्या. त्यानंतर दुसऱ्या बाजूला कठडा बांधला, आणि बुकिंगच्या फोनवर 38 हा आकडा आधी सांगतो. काही लोक ऐकून नको म्हणतात. म्हणू देत. वर येऊन धापा टाकत रागावण्यापेक्षा बरं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या एका केंद्राने ऑनलाइन खरेदीचा अभ्यास केला होता. खरेदीची शक्यता सगळ्यात जास्त असते ती 4 ते 4.7 च्या आसपास, शंभर नंबरी पाचावर नाही, असं त्यात निघालं. नवल नाही. ज्या मुलीच्या स्थळात एकही खोट सांगत नाहीत, त्या घरी चौकशी दुप्पट होते.

गरम पाण्याची गोष्ट सांगते आणि थांबते. एका हंगामात तिघांनी लिहिलं, 'सकाळी उशिरा आंघोळीला गेलो तर पाणी कोमट.' मी प्रत्येक वेळी मनात म्हटलं, उशिरा उठता कशाला? आलेला प्रत्येक वाईट शब्द वहीत उतरवायची सवय मी पापलेटनंतर लावून घेतलीय. वहीत तीन 'कोमट' एकाखाली एक दिसले तेव्हा तोंड बंद झालं. छतावरचं सोलर सहा आंघोळींपुरतं, आणि दुपारी दोननंतर त्यावर माडांची सावली. यांनी माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढला, कल्हई करून घेतली, झावळ्या आणि करवंट्या घालून पेटवला. आता शहरातली मुलं बंबाशेजारी उभी राहून फोटो काढतात आणि ते फोटो रिव्ह्यूत टाकतात. एका तक्रारीतून एवढी जाहिरात मला पैसे देऊनही जमली नसती.

धमकीवाले वेगळे. 'दोन हजार कमी करा, नाहीतर एक स्टार देईन' म्हणणारे दोघे भेटलेत आजवर. अशा वेळी मी पेन त्यांच्या हातात देते, म्हणजे फोन हो, आणि म्हणते, "द्या." एकाने दिलाही. खाली आम्ही एवढंच लिहिलं की दर बुकिंगच्या वेळी सांगितला होता, तोच घेतला. माणसाचं नाव, तारीख, सोबत कोण होतं, यातलं काही लिहिलं नाही. ते लिहायचा मोह फार होतो, आणि मालक तिथेच घसरतात. पाहुणा कितीही वाईट वागला तरी आपल्या छपराखाली राहून गेलेला असतो.

माझा खरा राग आहे तो आपल्या मराठी माणसांच्या एका सवयीवर. जेवताना विचारावं, "कसं झालंय?" उत्तर, "छान, छान." मग गाडी पोलादपूरला पोचायच्या आत 'भाजी तिखटजाळ'. अहो, तोंडावर सांगितलं असतंत तर दुसरी वाटी दिली असती ना! दुकानदाराला खट्याळ पाट्या लावायची भीड नाही आणि गिऱ्हाईकाला समोर बोलायची हिंमत नाही, असं कसं चालेल?

सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. स्टार म्हणजे त्यांच्यासाठी आकाशातले. पण निघणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या गेली सगळी वर्षं एकच विचारतात, "मीठ बरोबर होतं ना?" आणि उत्तर येईपर्यंत गाडीच्या खिडकीवरचा हात काढत नाहीत.

मागच्या आठवड्यात चार स्टार आले. 'आजींनी मिठाचं विचारलं तेव्हा संकोचाने हो म्हणालो. सोलकढीत जरा जास्त होतं. बाकी सगळं उत्तम.'

पुतण्याने विचारलं, "काकू, काय उत्तर लिहू?" मी म्हटलं, थांब, आधी आजींना वाचून दाखव. त्यांनी नीट ऐकून घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तरी मी त्या दिवशी तुला सांगत होते."

तेच लिहिलंय उत्तरात.