कबर आणि पान

पितृपक्ष सुरू झाला की आमच्या घरच्या ग्रुपवर मोठे काका एक मजकूर टाकतात, दरवर्षी तोच. पाश्चात्य देशांत माणूस मेला की फोन करून गाडी बोलावतात, दोन दिवसांत सगळं उरकतात आणि नातवाला आजोबांची कबर कुठे आहे तेही ठाऊक नसतं. आपण मात्र पंधरा दिवस पूर्वजांना पान वाढतो. खाली जोडलेले हात सात-आठ. यंदा पुण्याच्या धाकट्या चुलतभावानं त्यात तेल ओतलं. पूर्वजांचं काय कौतुक सांगता, आपल्याला पणजोबांच्या पलीकडचं एक नाव येत नाही, तिकडे गोऱ्यांनी पाचशे वर्षांचं लिहून ठेवलंय! मग दोन दिवस ग्रुप पेटलेला. मी एकोणीस वर्षं स्कॉटलंडमध्ये डंडीत राहते. ‘तिला विचारा’ असं दोघंही एकमेकांना सुनावत होते. मला मात्र कुणीच विचारलं नाही.

न विचारता सांगते. आधी काकांचं. ‘दोन दिवसांत उरकतात’ हे वाचून मला हसूच आलं. इथे अंत्यविधीची तारीख लागायलाच दोन-तीन आठवडे जातात. ऑस्ट्रेलियातला मुलगा आरामात पोचतो. उरकतो ते आपण. सकाळी माणूस गेला तर संध्याकाळी घरात दिवा लावलेला असतो. त्याबद्दल पुढे बोलेन, किंवा नाही बोलणार.

आमच्याच क्लोजमध्ये, म्हणजे एका जिन्यावरच्या बिऱ्हाडांत, वरच्या मजल्यावर एक बाई राहतात, वय एक्याऐंशी. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला खणण्याच्या कामाला लावलं. म्हणजे खोदायचं काही नव्हतं, त्यांना स्क्रीनवरचं बारीक अक्षर दिसत नाही एवढंच. त्यांच्या आईच्या घराण्यात एक गोष्ट चालत आलेली, की कुणी एक आजी गिरणीत काम करायची आणि ऐन तिशीत सहा पोरं मागे ठेवून गेली. ती कुठे पुरली आहे ते मरायच्या आत बघायचं, एवढाच बाईंचा हट्ट.

स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. आजही ती सरकारी संकेतस्थळावर पैसे भरून बघता येते. आमचं नशीब असं, की ती आजी नेमकी १८५५ मध्येच गेलेली. पहिल्या वर्षीच्या नोंदीत काय नाही विचारा! मेलेल्या माणसाचा जन्म कुठला, या गावात किती वर्षं, बापाचं नाव आणि धंदा, आईचं नाव माहेरच्या आडनावासकट, मुलांची नावं आणि वयं, गेलेल्या मुलांचीसुद्धा. वर कुठे पुरलं तेही. कारकुनांना हे इतकं जड झालं की पुढच्याच वर्षी तक्ता कापला. पुरल्याची जागा १८६० पर्यंत टिकली, नंतर तीही गेली. शाईचं ते तिरपं अक्षर मी मोठं करून वाचत होते आणि बाई माझ्या खांद्यावरून डोकावत होत्या. वय छत्तीस. सूत कातणारी. पुरल्याची जागा: हाऊफ.

बाई म्हणाल्या, ‘‘अगं, मी तिथे पन्नास वर्षं सँडविच खात आलेय.’’

हाऊफ शहराच्या अगदी मध्यावर आहे. पूर्वी तिथे फ्रान्सिस्कन साधूंचा मठ होता. स्कॉटलंडच्या मेरी राणीनं १५६४ मध्ये ती जागा शहराला दफनासाठी दिली. डंडीच्या नऊ कारागीर संघटनांना, म्हणजे बेकर, चांभार, शिंपी, खाटीक, लोहार, विणकर, रंगारी वगैरेंना स्वतःची इमारत नव्हती, म्हणून १७७६ पर्यंत ते याच दफनभूमीत बैठका घ्यायचे. ‘हाऊफ’ म्हणजे गप्पांचा अड्डा. तेच नाव पडलं. शिळांवर धंद्याच्या खुणा आहेत. लोहारांचा मुकुट घातलेला हातोडा दिसतो, विणकरांच्या शिळेवर तोंडात धोटा धरलेला बिबट्या. आपल्याकडे देवळामागे शेंदूर फासलेले वीरगळ पडलेले असतात ना, सूर्य-चंद्र आणि खाली लढणारा माणूस, तसंच हे. फक्त इथे लढण्याऐवजी पाव भाजलेला चालतो. मला हे फार आवडतं. आमच्याकडे कधी कुणी पोळ्या लाटल्या म्हणून दगड उभा केलाय?

शिळा वाचायचीही एक रीत आहे, ती मला तिथेच कळली. तारेचा ब्रश लावायचा नाही, खडू फासायचा नाही. वाळूचा दगड पापुद्र्यांनी सुटतो आणि अक्षरं कायमची जातात. बॅटरीचा झोत समोरून न टाकता बाजूनं, दगडाला चिकटून धरायचा. मग झिजलेल्या खाचांत सावली भरते आणि नाव वर येतं. भर दुपारी, सॉसेज रोल खाणाऱ्या ऑफिसच्या पोरांमध्ये, आम्ही दोघी अंगरख्याचा आडोसा करून शिळांवर झोत टाकत फिरत होतो. बायकांच्या नावाशी मी दर वेळी थांबायचे. अमुक माहेरचं आडनाव, तमक्याची पत्नी. दगडावरसुद्धा माहेर सुटलेलं नाही.

त्या आजीची शिळा काही मिळाली नाही. मिळणारही नव्हती. गिरणीतल्या बाईच्या नवऱ्यानं शिळेचे पैसे कुठून आणायचे?

इथे माझ्या पुण्याच्या बंधूंना थोडं. पाचशे वर्षांचं लिहून ठेवलंय म्हणे. स्कॉटलंडमधली सगळ्यात जुनी हाती असलेली चर्चची नोंदवही एरलची, आमच्यापासून पर्थच्या रस्त्यावर अर्ध्या तासावर. साल १५५३. बाकी बहुतेक गावांच्या वह्या त्याच्या पुष्कळ नंतरच्या, आणि त्यातही दफनाची नोंद सगळ्यात कच्ची. अनेक ठिकाणी मृत्यूची नोंद नसतेच, असतो तो कापडाच्या भाड्याचा हिशेब. शवपेटीवर घालायचं चांगलं कापड चर्च भाड्यानं द्यायचं आणि ते पैसे गरिबांच्या फंडात जायचे. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचा एखादा माणूस मेला हे आज कशावरून कळतं, तर त्याच्यासाठी कुणीतरी भाडं भरलं म्हणून. ज्यांना परवडलं नाही त्यांची ओळ नाही, लेकरांची तर बहुतेक नाहीच. आणि थोरामोठ्यांचं ऐकायचं असेल तर जॉन नॉक्सचं ऐक. अख्ख्या देशाचा धर्म उलटापालटा करणारा माणूस, १५७२ मध्ये एडिंबरात गेला. सेंट जाइल्स चर्चच्या ज्या दफनभूमीत त्याला पुरलं ती पुढे फरसबंदीखाली गेली. परंपरा सांगते ती त्याची जागा म्हणजे आज पार्किंग नंबर तेवीस. ग्लासगोत रॅम्सहॉर्नच्या चर्चसमोर रस्ता रुंद केला तेव्हा कबरी फुटपाथखाली आल्या; फूलिस बंधूंसारख्या नामवंत छापखानेवाल्यांची आद्याक्षरं तेवढी दगडात दिसतात. त्यांच्यावरून लोक बसला धावतात.

काका हे वाचून म्हणतील, बघ, मी सांगत नव्हतो? नाही काका, तुम्ही हे सांगत नव्हतात. तुम्ही म्हणालात, त्यांना पूर्वजांचं काही पडलेलं नाही. एक्याऐंशीची बाई गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असताना ओल्या गवतात एका आजीसाठी तासभर उभी राहते, मी बघितलंय. (तिचा स्वतःचा मुलगा इथल्याच पर्थला असतो आणि वर्षातून दोनदा येतो, हे मी ग्रुपवर लिहिलेलं नाही. तुमच्या हातात कोलीत कशाला देऊ?)

शिवाय तुम्ही बी.ए. ज्या कॉलेजात केलंत त्या हिस्लॉपचं नाव कुणावरून पडलं, आठवतंय? स्टीफन हिस्लॉप, जन्म १८१७, गाव डन्स, इथून गाडीनं दोन-अडीच तास. मिशनरी म्हणून नागपूरला आला, गोंडांची गाणी उतरवून घेतली, दगड-जीवाश्म गोळा केले. ४ सप्टेंबर १८६३ ला तो टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतत होता आणि रात्री बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडाला. ती वर्तुळं म्हणजे कबरी, आपल्याच मातीतल्या, हजारो वर्षांपूर्वीच्या. आपल्या काटोल रोडवरच्या जुनापाणीलाही तशीच आहेत. लहानपणी आम्ही तिथे सहलीला जायचो आणि त्या दगडांवर बसून पुरी-भाजी खायचो. बाबांनी एकदाच सांगितलं होतं, अरे, कुणाच्या तरी उशाशी बसलाय. स्कॉटलंडचा माणूस वैदर्भीय पूर्वजांच्या कबरी धुंडाळता धुंडाळता गेला. आणि मी नागपूरची, डंडीत परक्या बाईची आजी शोधतेय. फिटंफाट म्हणायची.

हे सगळं मी ग्रुपवर थोडक्यात लिहिलं. काकांनी एका ओळीत उत्तर दिलं. ‘‘तुला काय कळणार, बाबाच्या दहाव्याला तू कुठे होतीस?’’

होते विमानतळावर. बाबा गेले त्या दिवशी सकाळी सहाला भावाचा फोन आला, दुपारी चारला सगळं झालं होतं. अस्थी रामटेकला अंबाळ्याच्या तलावात सोडल्या त्याचा व्हिडिओ आहे माझ्याकडे, अठ्ठेचाळीस सेकंदांचा. कागदपत्रांच्या एका घोळात मी अडकले आणि तेराव्याला गोड जेवणाच्या पंगतीत पोचले. इथल्या तीन आठवड्यांचं कौतुक मला का, ते यावरून समजून घ्या. हाऊफमध्ये मी एवढी का रमते, तेही कदाचित. बाबांसाठी उभं राहायला माझ्याकडे जागा नाही. तलाव आहे, पण तलावाला काय विचारणार?

यंदाच्या श्राद्धाला भावानं व्हिडिओ कॉल लावला होता. आई आधीच गेलेली, त्यामुळे दोन्हीकडच्या तीन-तीन पिढ्यांची नावं घ्यायची. गुरुजी विचारत गेले, भाऊ सांगत गेला. बाबांच्या आजीपाशी गाडी अडली. ‘‘पणजीचं नाव?’’ भावानं काकांकडे बघितलं. काकांची ती सख्खी आजी, तिच्या मांडीवर वाढलेले. काका थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘‘आम्ही तर मोठी मायच म्हणायचो. लक्ष्मी म्हणा. घरची लक्ष्मीच ती.’’ आणि पिंड लक्ष्मीच्या नावानं गेला.

मला रागही आला नाही. मला तरी कुठे माहीत होतं? वरच्या बाईंच्या गिरणीतल्या आजीच्या आईचं माहेरचं आडनाव मी पाठ म्हणून दाखवीन. घरच्या छापील वंशवृक्षात नावं आहेत ती पुरुषांची, पिंपळाच्या पानांसारखी टांगलेली. बायका बुंध्यातही नाहीत.

म्हणून वर्ध्याला आत्याला फोन केला, चौऱ्याऐंशीची आहे. नाव तिलाही येईना. पण तिला एक गंगाळ आठवलं. मोठ्या मायच्या लग्नातलं, तांब्याचं, मामाकडून आलेलं. त्याच्यावर नाव घातलेलं होतं म्हणे ठिपक्या-ठिपक्यांनी, तेव्हा भांड्यावर घालायचे तसं. आता ते अंगणात तुळशीच्या कुंडीखाली आहे. तिच्या नातवाला मी सगळं नीट सांगितलं. कुंडी हलव, रात्र होऊ दे, मोबाईलचा झोत काठाला चिकटवून आडवा धर.

काल फोटो आला. ‘चि. सौ. कां. का’ एवढं स्वच्छ वाचता येतं, पुढे चेचलंय. त्याच्यापुढे एक उभी रेघ आणि बहुतेक ‘बाई’. काशीबाई असेल, कावेरीबाईही असू शकते.

आत्यानं खाली लिहिलंय, चिंच लावून घासून बघू का?

हात लावू नको म्हटलं.