गाठ आईच्या चुकीने होत नाही

चोपडा-अमळनेरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "पिट्युटरीजवळ गाठ होते ती तीन कारणांनी. गरोदरपणात आईने ग्रहण पाळलं नाही, केळीवरच्या फवारणीचं विष पोटात गेलं, पोराच्या हाती मोबाइल दिला." पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या बुडाशी असलेली, हार्मोन तयार करणारी छोटी ग्रंथी. माझ्या भाचीला नवव्या वर्षी हीच गाठ निघाली, क्रेनिओफॅरिंजिओमा. मेसेज वाचून बहीण रडत म्हणाली, "भाऊ, मन्हं काय चुकनं?" तिच्यासाठी हे लिहितोय.

मोबाइलचं आधी. व्हिएन्नाच्या याकोब एर्डहाइम यांनी या गाठींचं वर्णन १९०४ मध्येच केलं होतं. तेव्हा कुठला मोबाइल?

फवारणीचं विष घातक आहेच. २०१७ साली यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. तोंडाला फडकं न बांधता पंप पाठीवर घेऊ नकाच. पण या गाठीशी फवारणीचा संबंध सिद्ध झालेला नाही, आणि वर्षाला दहा लाखांत साधारण एक-दोघांनाच होणारा हा आजार केळीचं एक झाडही नसलेल्या देशांतही होतो.

आता ग्रहण. गर्भ चौथ्या आठवड्यात असताना त्याच्या तोंडाच्या छतातून एक इवलीशी पिशवी वर मेंदूकडे सरकते. तिला राथकेची पिशवी म्हणतात. तिच्यातून पिट्युटरीचा पुढचा भाग घडतो. मागे राहिलेल्या पेशींतून पुढे गाठ उठते, असं मानलं जातं. मुलांमधल्या प्रकारात या पेशींच्या सीटीएनएनबी१ जनुकात बदल सापडतो. तो गाठीतच असतो, आईबापांकडून आलेला नसतो. दातही तोंडाच्या त्याच अस्तरातून घडतात, म्हणून या गाठीतल्या पेशी दात घडवणाऱ्या पेशींसारख्या दिसतात. भाचीच्या सीटी स्कॅनवर चुन्याचे पांढरे ठिपके होते, आणि डॉक्टरांनी दाखवलेलं गाठीतलं पाणी ट्रॅक्टरमधून काढलेल्या काळ्या ऑइलसारखं. चौथ्या आठवड्यात बाईला आपण गरोदर आहोत हेही बऱ्याचदा कळलेलं नसतं. तिने विळी हातात घेतली की नाही, याने त्या पेशींना काय फरक पडणार?

मोठ्या माणसांत होणारा दुसरा प्रकार वेगळाच आहे. त्यात बीआरएएफ जनुकातला बदल २०१४ मध्ये सापडला. काही तज्ज्ञांच्या मते हा प्रकार पिट्युटरीच्या तयार पेशींचं रूप पालटून होतो. जिथे दोन प्रकारांचं मूळही एक नसावं, तिथे सगळ्यांना एका ग्रहणाला बांधायचं कसं?

मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. एवढ्या लांब मेसेजमध्ये लक्षणांचा एक शब्द नाही. भाचीचा दुसरीतला फ्रॉक चौथीतही तिला बरोबर बसत होता. रात्री उठून ती तांब्याभर पाणी प्यायची, सारखी लघवीला जायची. सकाळी डोकं दुखायचं. चालताना बाजूच्या चौकटीला खांदा आपटायचा, कारण कडेचं दिसत नव्हतं. आम्ही नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळत आठ महिने घालवले.